मॉन्ट्रियालला जाताना भाषांतराचं ॲप कुठे चालतं, कुठे फसतं

तुम्ही विचारलंय : पुण्यात ए-टूपर्यंत (म्हणजे प्राथमिक पातळीपर्यंत) फ्रेंच झालंय, जुलैत बायको-मुलासह मॉन्ट्रियालला जायचंय, बाकीचं फोनवरच्या भाषांतरावर निभेल का? कागदावरचं बरंचसं निभेल. बोलण्यात मात्र अडेल, कारण क्लासातलं आणि ॲपचं फ्रेंच बहुतांशी फ्रान्सच्या लिखित वळणाचं असतं.

गूगल ट्रान्सलेटमध्ये आता कॅनडाचं फ्रेंच वेगळं निवडता येतं. लिहिताना तेच घ्या. फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही भाषा पुण्यातूनच ऑफलाइन उतरवून ठेवा. मराठीतून थेट फ्रेंच करू नका. ते भाषांतर बऱ्याचदा इंग्रजीचा वळसा घेऊन येतं आणि मराठीने जपलेलं वाटेत सांडतं. ‘तुम्ही’चं आधी ‘यू’ होतं, मग घरमालकाला आदरार्थी ‘व्हू’ऐवजी एकेरी ‘त्यू’ जातं. ‘मी आले’ आणि ‘मी आलो’ यांतला फरक पुसून पुल्लिंगी रूपच येतं, म्हणून पत्नीने लिहिलेला मजकूर या नजरेने तपासलाच पाहिजे. साध्या इंग्रजीत, एका वाक्यात एकच गोष्ट लिहा, फ्रेंच करा, मग तेच उलटं इंग्रजीत आणून पाहा.

खरा धोका ओळखीच्या शब्दांचा. ॲप न अडखळता भाषांतर करतं आणि ते चुकीचं असतं. फ्रान्समध्ये ‘देजने’ म्हणजे दुपारचं जेवण, ‘दीने’ म्हणजे रात्रीचं. क्वेबेकमध्ये, म्हणजे मॉन्ट्रियाल ज्या प्रांतात आहे तिथे, ‘देजने’ सकाळचा नाश्ता, ‘दीने’ दुपारचं आणि ‘सूपे’ रात्रीचं. शाळेच्या चिठ्ठीत ‘दीने’ दिसलं की मुलाला डबा द्यायचाय, मग ॲप ‘डिनर’ म्हणो. ‘देपानर’ फ्रान्समध्ये दुरुस्तीवाला, इथे कोपऱ्यावरचं किराणा दुकान. ‘लिकर’ म्हणजे बोलण्यात साधं कोल्ड्रिंक, दारू नव्हे. ‘बा’ म्हणजे पायमोजे. ‘ब्ले दँद’चा शब्दशः अर्थ भारतीय गहू, पण तो मका. असा शब्द संशयास्पद वाटला तर व्हित्रीन लँग्विस्तीक हे क्वेबेकच्या भाषा-कार्यालयाचं मोफत संकेतस्थळ किंवा शेरब्रुक विद्यापीठाचा यूझितो कोश बघा.

आता बोलणं. इथे ‘इ’ आणि ‘यू’ या स्वरांच्या आधी ‘त’ आणि ‘द’ बदलतात. ‘त्यू’ ऐकू येतं ते ‘चाक’मधल्या ‘च’ने, ‘दीने’ येतं ते ‘जाड’मधल्या ‘ज’ने. मराठी माणसाला हे उच्चार घरचेच आहेत, चारआठ दिवसांत कान बसतो. ॲपला जास्त त्रास होतो तो प्रश्नार्थक ‘त्यू’चा. ‘से त्यू ल्वँ?’ म्हणजे ‘ते लांब आहे का?’ हा ‘त्यू’ आपल्या ‘का’चं काम करतो, ॲप मात्र तिथे ‘तू’ घुसवू शकतं. ‘ज स्वी’चं (‘मी आहे’) ‘शू’ होतं, ‘अजिबात नाही’साठी ‘पँतूत’ येतं. त्यात दुकानातला गोंगाट मिळाला की फोन काहीतरी ठोकून देतो. समोरच्याला ‘पुव्हे-व्हू लेक्रीर?’ म्हणजे ‘लिहून देता का?’ एवढं विचारा. लिहिलेलं ॲपला नीट कळतं.

घर शोधताना ‘३½’ दिसेल, त्याचं ॲप फक्त ‘साडेतीन’ करेल. त्याचा अर्थ स्वयंपाकघर, बैठकीची खोली, एक बेडरूम, आणि अर्धं म्हणजे न्हाणीघर. ४½ मध्ये सहसा दोन बेडरूम. ‘शोफे’ लिहिलं असेल तर हीटिंग भाड्यात धरलेलं आहे. ‘नों शोफे’ असेल तर हिवाळ्याचं बिल तुमचं, ते हिशेबात धराच. पहिल्या महिन्याच्या भाड्यापलीकडे डिपॉझिट मागायला क्वेबेकमध्ये कायद्याने मनाई आहे, त्यामुळे जाहिरातीत ‘देपो’ दिसलं तर थांबून विचारा. भाडेकरार सरकारी ठरावीक नमुन्यावरच होतो. पानं एकेक करून, भरपूर उजेडात कॅमेऱ्याने वाचा. हाताने लिहिलेल्या जादा अटी कॅमेरा बऱ्याचदा चुकवतो. त्या स्वतः टाइप करा. बहुतेक करार १ जुलैला सुरू होतात, म्हणून हे काम निघण्याआधीच करावं लागेल.

आकड्यांकडे लक्ष असू द्या : फ्रेंचमध्ये हजारासाठी मोकळी जागा आणि दशांशासाठी स्वल्पविराम असतो.  

२०२२ च्या भाषा कायद्यामुळे प्रांत सरकार नवागतांशी पहिले सहा महिने दुसऱ्या भाषेत व्यवहार करू शकतं, त्यानंतर काही अपवाद सोडता फक्त फ्रेंचमध्ये. फ्रांसिझास्यों केबेक या फ्रेंच शिकवणाऱ्या सरकारी सेवेचे वर्ग मोफत आहेत, पोचताच नाव घाला. आणि मराठीतला जन्मदाखला किंवा विवाह प्रमाणपत्र असेल तर त्याला ॲपचं भाषांतर चालणार नाही. अधिकृत भाषांतरकाराकडून इंग्रजी किंवा फ्रेंच करून घ्या, आणि शिक्क्यावरचा मजकूरही त्यात आलाय का ते बघून मगच पैसे द्या.