लायसन्स म्हणजे परवानगी, वापर नव्हे

प्रिय बाळ,

तुझी मेल काल रात्री दोनदा वाचली. अमेरिकेत रेडिओची लायसन्सं देणाऱ्या एफसीसीच्या यूएलएस या ऑनलाइन नोंदवहीत तुमच्या गावच्या पोलिसांच्या नावावर पाच फ्रीक्वेन्सी सापडल्या, पाचही स्कॅनरमध्ये, म्हणजे असं बोलणं नुसतं ऐकायच्या रेडिओत, भरल्यास, तीन रात्री कान लावून बसलीस आणि चकार शब्द ऐकू आला नाही. शेवटी विचारलंस, "काका, स्कॅनर बिघडलाय की एफसीसीची माहिती खोटी आहे?" दोन्ही नाही. प्रश्नच चुकलाय. हाच प्रश्न मी कितीतरी वर्षं विचारत राहिलो, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

लायसन्स म्हणजे परवानगी. वापर नव्हे. अमक्या संस्थेला अमक्या ठिकाणाहून, इतक्या शक्तीने, अशा प्रकारचं प्रसारण करायची मुभा आहे, एवढंच तो कागद सांगतो. ते रोज करतात का, कोण करतं, यावर तो गप्प असतो.

आता तू पाठवलेल्या पाच ओळी पुन्हा उघड. फ्रीक्वेन्सीच्या शेजारी स्टेशन क्लासचा, म्हणजे रेडिओ कुठल्या कामाचा याचा, रकाना आहे. तो तू वाचलाच नाहीस ना? ४५३ मेगाहर्ट्झवाल्या ओळीपुढे एफबी२ आहे, म्हणजे रिपीटर, दुसऱ्या रेडिओचं बोलणं घेऊन पुन्हा दूरवर फेकणारा. ऐकायचं ते तिथे. ४५८ वालीपुढे एमओ (फिरता रेडिओ) आणि एफएक्स१ (रिपीटरमार्फत बोलणारा एका जागचा रेडिओ) आहे आणि ती पहिलीपेक्षा बरोब्बर ५ मेगाहर्ट्झ वर आहे. ती रिपीटरकडे जाणारी बाजू. गाडीतला नाहीतर हातातला रेडिओ तिच्यावर बोलतो आणि रिपीटर तेच ४५३ वर फेकतो. गाडी तुझ्या गल्लीत आली तरच ४५८ वर काही ऐकू येईल. तिसरी १५५.७५२५. अगं, ती काही तुमच्या गावची नव्हेच. व्हीकॉल१० म्हणून देशभर ठरवलेली परस्पर संपर्काची फ्रीक्वेन्सी आहे ती, मोठं संकट येईतो महिनोन् महिने मुकी राहते. उरलेल्या दोन नुसत्या एमओ, गाडी ते गाडी. म्हणजे पाचातली खरी आशेची जागा एकच, आणि तिथेही मी तुला आशा देत नाहीये. परवानगी आहे, एवढंच म्हणतोय.

त्याच ४५३ च्या ओळीत एमिशनचे, म्हणजे प्रसारणाच्या प्रकाराचे, दोन कोड आहेत: ११के२एफ३ई आणि ८के१०एफ१ई. पहिल्याचा अर्थ ११.२ किलोहर्ट्झ रुंदीचा अॅनालॉग एफएम आवाज. १ जानेवारी २०१३ नंतर १५० ते १७४ आणि ४२१ ते ४७० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत सगळ्यांना अरुंद व्हायला लावलं, तेव्हापासून जुना २०के०एफ३ई मागे पडून हा आला. दुसरा पी२५ नावाच्या डिजिटल पद्धतीतल्या आवाजाचा. दोन्ही दिसले की नवीन माणूस लगेच म्हणतो, "डिजिटल होणार!" मीही म्हणालो होतो.

एका काउंटीच्या फायर डिपार्टमेंटच्या लायसन्समध्ये हा कोड नव्याने चढलेला मी पाहिला, आणि आमच्या स्कॅनरवाल्यांतल्या एका वयस्कर गृहस्थांना छातीठोकपणे सांगितलं की वर्षभरात अॅनालॉग बंद पडेल. त्यांनी चांगला चालणारा स्कॅनर विकून पेन्शनमधून डिजिटल घेतला. डिपार्टमेंट पुढे सहा वर्षं अॅनालॉगवरच राहिलं. ते पहिलं डिजिटल वाक्य ऐकायला गृहस्थ उरले नव्हते. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, त्यामुळे ते जास्त सलतं. पण एक सांगतो, कागद मी बरोबर वाचला होता. त्या कोडचा अर्थ तेव्हाही तोच होता आणि आजही तोच आहे. मला लायसन्स वाचता येत नव्हतं असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. वाचलं बरोबर, सांगितलं चूक. परवानगी वाचली आणि वापर सांगितला.

कारणही समजून घे. लायसन्समध्ये बदल करायचा तर अॅपको किंवा इम्सासारख्या, कुणाला कुठली फ्रीक्वेन्सी द्यावी ते जुळवणाऱ्या फ्रीक्वेन्सी कोऑर्डिनेटरकडून जावं लागतं, त्यात वेळ जातो, पैसे जातात. लायसन्स दहा वर्षांचं. मग शहाणा अधिकारी पुढे कधीतरी लागेल ते सगळं एकदाच मागून ठेवतो आणि रेडिओ बजेट मिळेल तेव्हा घेतो. त्यात गैर काहीच नाही. तू त्या रकान्यात भविष्य वाचायला जाऊ नकोस, बस.

आणि "पब्लिक सेफ्टी" या शब्दाला भुलू नकोस. पीडब्ल्यू, म्हणजे पब्लिक सेफ्टी गटाचा, कोड असलेलं लायसन्स पोलिसांचंच असतं असं नाही. रस्ते खातं, पाणी खातं, शाळेच्या बस, सगळे त्याच पूलमध्ये येतात. माझ्या यादीत एक फ्रीक्वेन्सी चार वर्षं "पोलीस २" म्हणून होती, कारण लायसन्स गावच्या नावावर होतं आणि मी ठरवून टाकलं होतं. एका पहाटे बर्फ पडत असताना तिच्यावर पहिल्यांदा आवाज आला. बर्फ हटवणारे दोन प्लाऊवाले बोलत होते, एकाचं रस्त्यावर टाकायचं मीठ संपलं होतं आणि तो डेपोकडे वळत होता. तोवर माझी यादी कितीजणांनी उतरवून घेतली होती! दुरुस्ती प्रत्येकापर्यंत पोचली नाही. आजही कुणाच्या तरी स्कॅनरमध्ये ते "पोलीस २" असेल.

उलटंही होतं, आणि माझा अंदाज आहे की तुझ्या बाबतीत तेच झालंय. गावचं लायसन्स जिवंत आणि गावचे पोलीस भलतीकडेच. ओहायोत मार्क्स आहे, मिशिगनमध्ये राज्याची एमपीएससीएस आहे. अशा राज्यभराच्या ट्रंक यंत्रणेवर, म्हणजे थोड्या फ्रीक्वेन्सी अनेक गटांना लागतील तशा वाटून देणाऱ्या यंत्रणेवर, गावोगावचे पोलीस बोलतात, आणि टॉवरचं लायसन्स असतं राज्याच्या नावावर. जुनी रिपीटरची परवानगी राखीव म्हणून ठेवतात, वेळ आली की नूतनीकरण करतात. तेव्हा गावच्या नावाने शोधणं थांबव. काउंटी टाकून शोध, राज्याच्या नावाने शोध, आणि ७६९ ते ७७५ व ८५१ मेगाहर्ट्झपासून पुढचा पट्टा बघ. तिथे एखादी फ्रीक्वेन्सी रात्रंदिवस एकसारखी घरघरत असेल तर तो कंट्रोल चॅनल, कुणी कुठल्या फ्रीक्वेन्सीवर बोलायचं ते रेडिओंना सांगणारा. तुझा स्कॅनर ट्रंकिंगवाला असेल तर कुठला टॉकग्रुप (एकमेकांशी बोलणारा गट) कुठे बोलतोय ते तिथेच दिसेल. हा हवेतला पुरावा. फेडरल खात्यांना मात्र यूएलएसमध्ये शोधू नकोस, त्यांच्या फ्रीक्वेन्सी एनटीआयए या वेगळ्या सरकारी संस्थेकडे असतात आणि ती यादी लोकांसाठी खुली नाही.

सीटीसीएसएस टोन (आवाजाखाली चालणारा ओळखीचा सूर), एनएसी (पी२५ मधला तसाच ओळखीचा आकडा), टॉकग्रुप नंबर, एन्क्रिप्शन आहे की नाही, यातलं काहीही लायसन्सवर मिळणार नाही. "मग लायसन्स वाचायचंच कशाला?" असं तू विचारशील. वाचायचं! कुठे कान लावायचा ते त्यानेच कळतं. टॉवरचे अक्षांश-रेखांश, अँटेनाची उंची, ईआरपी (अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणारी शक्ती) पाहिलं की तुझ्या खिडकीत सिग्नल यायला हवा की नको याचा अंदाज बांधता येतो. पण कान तुझाच लागतो.

मी एक वही ठेवतो. निळ्या शाईत कागदावरचं: कॉल साइन, फ्रीक्वेन्सी, क्लास, एमिशन. हिरव्या शाईत स्वतः ऐकलेलं: तारीख, वेळ, टोन, काय बोलले, कोण वाटलं. हिरवी ओळ नसेल तर ती फ्रीक्वेन्सी मी कुणालाही "यांची आहे" म्हणून देत नाही. यावरून मित्रांशी भांडलोय. एकाने बोलणं टाकलं, त्याच्या मते मी नव्या लोकांना उगीच ताटकळत ठेवतो. ठेवतो. तो प्लाऊवाला आणि ते गृहस्थ त्याच्या खात्यावर नाहीत, माझ्या आहेत.

कायद्याचं थोडक्यात. एन्क्रिप्टेड असेल तर तिथे थांबायचं, फोडायच्या वाटेला जायचं नाही. ऐकलेल्यातून फायदा उठवायचा नाही. गाडीत स्कॅनर ठेवण्याबद्दल काही राज्यांचे कडक नियम आहेत, तुझ्या राज्याचा नियम आधी वाच. आणि ट्रान्समिटचं बटण असलेला रेडिओ त्या फ्रीक्वेन्सींवर लावून बसू नकोस, हात कधी चुकेल सांगता येत नाही.

आता कर असं. बाकीच्या चार लॉक आउट कर, म्हणजे स्कॅनर त्या वगळेल. ४५३ वालीवर टोन सर्च लाव आणि शिफ्ट बदलायच्या वेळी, पहाटे आणि दुपारी, बस. तीन रात्री हा काही शोध झाला नाही, दोन आठवडे दे. सोबत काउंटीचा कंट्रोल चॅनल शोध. दोन आठवड्यांनी मला हिरव्या शाईची पानं फोटो काढून पाठव. एकच ओळ असली तरी चालेल. निळी पाठवू नकोस, ती माझ्याकडे आहे.

तुझा,
काका