अंटार्क्टिकाला मेकॅनिकही लागतो

ताई, नमस्कार.

रामबागेतून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगा आयटीआय झालेला डिझेल मेकॅनिक, देवास नाक्याच्या वर्कशॉपात कामाला, आणि आता अंटार्क्टिकाला जायचं म्हणून हटून बसलाय. शास्त्रज्ञ सोडून तिथे याला कोण विचारणार, आणि घेतलंच तर त्या अंधारात पोराच्या डोक्यावर परिणाम होईल का, असं तुम्ही विचारता.

विचारतात, चांगलंच विचारतात. मैत्री आणि भारती ही आपली केंद्रं हिवाळ्यात प्रत्येकी जेमतेम पंचवीसएक माणसांवर चालतात. त्यांत हवामान खात्याचे लोक असतात, तसेच डॉक्टर, स्वयंपाकी, वेल्डर आणि मेकॅनिकही. जनरेटर बसला तर नुसते दिवे जात नाहीत. खोल्या गार पडतात, पाण्याचे पाइप गोठतात. बर्फावर चालणाऱ्या पिस्टन बुली गाड्याही मेकॅनिकच्याच गळ्यात. भरतीची जाहिरात गोव्याचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र काढतं. नोकरी कंत्राटी, हे मात्र आधीच समजून घ्या.

मैत्रीवर जवळपास दोन महिने सूर्य उगवत नाही. पण अंधार अंगवळणी पडतो हो, माणसं पडत नाहीत. तीच तोंडं, तेच विनोद, पाळीपाळीने गॅली ड्युटी, म्हणजे सगळ्यांची भांडी घासायची. रागावून जायला बाहेर जागा नाही. म्हणूनच शारीरिक तपासणीबरोबर मानसिक चाचणीही होते, आणि उत्तराखंडातल्या औलीला आयटीबीपीकडे, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांकडे, बर्फातलं प्रशिक्षण. घरी एक शब्द लागला की दोन दिवस जेवत नाही, असा स्वभाव असेल तर मी नको म्हणेन.

पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, ‘यांची बायपास झालीय.’ मला खरा प्रश्न तो वाटतो. हिवाळ्यात तिथून परत येणं जवळजवळ अशक्य. मैत्रीच्या शेजारच्या रशियन केंद्रावर १९६१ साली डॉक्टर लिओनिद रोगोझोव्ह यांनी स्वतःचं अपेंडिक्स स्वतःच कापून काढलं, कारण दुसरा डॉक्टर येऊच शकत नव्हता. वडिलांचं काही झालं तर मुलगा फोनवर रडेल, येणार नाही. हे त्याच्याशी, वडिलांना समोर बसवून, बोला.

ते पटलं, तर तोवर त्याला मोठ्या डीजी सेटच्या, म्हणजे डिझेल जनरेटरच्या, सर्व्हिसिंगचं काम धरायला सांगा. नुसतं सर्टिफिकेट पुरत नाही, अनुभव मागतात. आणि अनुभवाचं पत्र लेटरहेडवर, तारखांसकट घ्या. छोटे वर्कशॉपवाले ते द्यायला फार टाळाटाळ करतात.