पोळी बंद केली, आता टेस्ट करू का?

प्रश्न: ताई, वय ३४. दोन वर्षं झाली, पोट फुगतं, मधेच जुलाब, कायम थकवा, हिमोग्लोबिन ९ च्या वर जातच नाही, आयर्नच्या गोळ्या खाऊन खाऊन कंटाळले. सोनोग्राफी, थायरॉइड सगळं नॉर्मल, मग घरचे म्हणतात टेन्शन घेतेस. जावेने सांगितलं म्हणून तीन आठवडे पोळी सोडून ज्वारीची भाकरी खातेय, बरं वाटतंय. आता डॉक्टर सिलिअ‍ॅकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होते, तो आजार) टेस्ट करू म्हणतात. करू ना?

उत्तर: करा, पण उद्याच्या उद्या नको! आधी डॉक्टरांना सांगा की पोळी बंद आहे, हे बहुतेक जण सांगतच नाहीत. टीटीजी-आयजीए ही रक्ताची टेस्ट या आजारात शरीर तयार करतं त्या आयजीए प्रकारच्या अँटिबॉडी शोधते आणि गहू सोडला की त्या हळूहळू कमी होतात, म्हणजे आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. साधारण सहा आठवडे रोज दोन्ही जेवणात पोळी खाऊन मग टेस्ट करतात, त्रास फारच वाढला तर डॉक्टरांशी बोला. सोबत टोटल आयजीए (रक्तातलं या प्रकारच्या अँटिबॉडींचं एकूण प्रमाण) पण करून घ्या, ते मुळातच कमी असेल तर पहिली टेस्ट फसवते. पॉझिटिव्ह आलं तरी लगेच पोळी सोडू नका, एंडोस्कोपीत लहान आतड्याचे बारीक तुकडे तपासायला घेईपर्यंत चालू ठेवा. आणि गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन न वाढणं हे टेन्शन नव्हे, घरच्यांना सांगा. हो, आजार निघालाच तर फोडणीतला हिंगही बघा, डबीवर बारीक अक्षरात बऱ्याचदा गव्हाचं पीठ लिहिलेलं असतं.