‘आईची उणीव भासू देणार नाही’ हे मुलाखतीत म्हणू नका

कोथरूडहून इंग्लंडला येताय, एकटे आहात, गे आहात आणि बाप व्हायचंय. इथले लोक ‘आई कुठे?’ म्हणून अडवतील का, असं विचारलंत. क्लिनिकचे समुपदेशक आणि दत्तकाचे समाजसेवक अडवत नाहीत, पण खोदून विचारतात.

भारतात एकट्या पुरुषाला सरोगसी बंद, दत्तकही मुलगाच मिळतो. इथे ३ जानेवारी २०१९ पासून एकट्यालाही पॅरेंटल ऑर्डर, म्हणजे सरोगसीच्या मुलाचा कायदेशीर पालक ठरवणारा कोर्टाचा हुकूम, मागता येते. मात्र मूल तुमच्या बीजाचं हवं, सरोगेटची संमती जन्मानंतर ६ आठवडे उलटल्यावरच चालते आणि कायमचं इथलेच झालात हे दाखवावं लागतं. व्हिसावर आलेले नेमके तिथे अडकतात. दत्तकाला वर्षभराचं वास्तव्य पुरतं. निघण्याआधी नावं जुळवा. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, जन्मदाखल्यावर नावच नाही! एवढ्यापायी फाइल लोळत पडते आणि माणूस रडकुंडीला येतो.

आता ‘आई कुठे?’ या प्रश्नाकडे. मनोविश्लेषणाने समलिंगींना पूर्वी फार छळलं. अमेरिकन सायकोॲनालिटिक असोसिएशनने माफी मागितली ती २०१९ मध्ये. आताचे विश्लेषक आईपेक्षा ‘तिसरं माणूस’ शोधतात, बाप-लेकरात थोडी मोकळी जागा ठेवणारं. फ्रेंच विश्लेषक लाकाँसाठी तर बाप हेही एक कार्यच होतं, म्हणजे माणूस नव्हे, एक भूमिका. ब्रिटिश विश्लेषक विनिकॉटचं म्हणणं, तान्ह्याला सांभाळणाऱ्यालाही कुणी सांभाळावं लागतं. म्हणून ‘मीच आई, मीच बाप’ नको. मंगळवारी कोण येणार, तुम्हाला ताप आला तर रात्री दोनला फोन कुणाला, ते नावानिशी सांगा.

मुलं मनात वेगळेच आईबाप रचतात, असं फ्रॉइडने १९०९ मध्ये लिहिलं. तुमच्या लेकराकडे त्यासाठी खऱ्या बायका असतील: बीजांड देणारी आणि पोटात वाढवणारी. दोघींची सरमिसळ करू नका, लंगोटाच्या वयापासून सांगत राहा. इथल्या दात्रीची ओळख त्याला १८व्या वर्षी मागता येते. तेव्हा पहिल्यांदा कळणं म्हणजे घात. आणि जिची उणीव भासायचीच नाही असं बापाने ठरवून टाकलंय, तिच्यासाठी पोराने रडायचं कसं?

शाळेत मार्चच्या सुमारास, इथल्या मदर्स डेला, आईसाठी कार्डं करवतात. फेब्रुवारीतच बाईंना भेटा, ‘आजीसाठी चालेल’ हे त्यांच्याकडून वदवून घ्या. त्या कार्डांचा राग माझा अजून गेलेला नाही.

एकटेपणा थंडीत येतो, मग जातो. तो घालवायला मूल हवंय का, हे मुलाखत घेणारेही विचारतील. ‘नाही’ कुणी खरं मानत नाही. ‘थोडंफार, हो’ म्हणा.