ठेव मोडण्याआधी लायसन्सवरचे पॉइंट पाहा

प्रश्न : मी डिचोलीचा. मुलगा इंग्लंडात स्विंडनला गोदामात कामाला आहे, गेल्या वर्षी तिथलं लायसन्स मिळालं. त्याला सेकंडहँड गाडी घ्यायची आहे. त्यासाठी मी दोन लाखांची मुदत ठेव मोडणार होतो. तेवढ्यात मित्राची गाडी ताशी ३० मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ३६ने चालवल्याचं पत्र त्याला आलं. १०० पौंड दंड भर, नाहीतर वेगाबद्दलचा कोर्स कर, असं त्यात आहे. दंड भरून मोकळं व्हावं का?

उत्तर : दंड नको, कोर्स करू दे. आणि ठेव तूर्त राहू द्या.

आपल्याकडे तालांव (दंडाची पावती) आला की पैसे भरले, विषय मिटला. १ एप्रिल २०२२ पासून गोव्यात दंड वाढले, पण लायसन्सवर पॉइंट, म्हणजे नियम मोडल्याचे दंडगुण, चढत नाहीत. तिथे चढतात. १०० पौंडांसोबत ३ पॉइंट येतात, ते चार वर्षं लायसन्सवर दिसतात आणि विमा कंपनीने विचारलं की सांगावेच लागतात. एरवी तीन वर्षांत १२ पॉइंट झाले तर गाडी चालवायला बंदी येते. नव्या चालकाला मात्र पहिल्या दोन वर्षांत ६ पुरेसे आहेत : लायसन्स रद्द, आणि लेखीपासून पुन्हा सगळ्या परीक्षा. कोर्सला साधारण दंडाइतकेच पैसे जातात, पण पॉइंट लागत नाहीत. तीन वर्षांत ही सवलत एकदाच मिळते.

माझी खरी काळजी वेगाची नाहीच. गाडी मित्राची होती ना? मग तिच्या विम्यात मुलाचं नाव होतं का, हे आजच विचारा. विम्याशिवाय गाडी चालवण्याला ३०० पौंड आणि ६ पॉइंट आहेत, म्हणजे त्याचं लायसन्सच गेलं. मग दोन लाखांची गाडी दारात धूळ खाईल. 'पत्राच्या उत्तरात चालक म्हणून दुसऱ्या कोणाचं नाव टाक' असा सल्ला देणारा एखादा पात्रांव भेटेलच. त्याचं ऐकलं तर तिथे तुरुंग होतो.

पॉइंट पाहायला पैसे पडत नाहीत. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर लायसन्स नंबर, नॅशनल इन्शुरन्स नंबर आणि पिनकोड टाकला की डीव्हीएलएची, म्हणजे तिथल्या लायसन्स खात्याची, नोंद दिसते. त्याचा स्क्रीनशॉट मागवा. तो कोरा असेल, तर गाडी पसंत करण्याआधी तिच्या विम्याचा दर काढायला सांगा. नवशिक्याचा विमा कधी कधी जुन्या गाडीच्या किमतीलाही मागे टाकतो, आणि तो दरवर्षी भरायचा असतो. तो भार मुलाच्या पगारातून निघत नसेल, तर गाडी पुढच्या वर्षी.

निघत असेल, तर ठेव मोडण्याआधी बँकेत दोन गोष्टी विचारा : मुदतीआधी मोडल्यास व्याज किती कापतात, आणि ठेवीवर कर्ज किती दराने देतात. मुदत संपायला थोडेच महिने असतील, तर बहुधा कर्जच स्वस्त पडेल. पैसे बँकेतूनच पाठवा. मुलाला दिलेल्या भेटीवर आयकर नाही, आणि वर्षाला १० लाखांच्या आत टीसीएसही (परदेशी पैसे पाठवताना बँक घेते तो कर) कापला जात नाही. पॅन मात्र लागेल.