नर्सबाईंना विचारा : सणाला नको, तारखेला ये

या खेपेला पत्रं बरीच आली. पावसात घाट बंद पडला की माणसं लिहायला बसत असावीत. मी डॉक्टर नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या उपकेंद्रांत ३३ वर्षं नर्स होते, एवढीच माझी पत. जिथे डॉक्टरांशिवाय भागणार नाही, तिथे तसं स्पष्ट सांगते.

बाई, मी गुहागर तालुक्यात सासरी असते. वय २७. लग्नाला ३ वर्षं झाली, पण दिवस राहत नाहीत. मिस्टर डोंबिवलीला कंपनीत आहेत, गाववाल्यांच्या खोलीत चौघांबरोबर राहतात. गणपती, शिमगा आणि मे महिन्यात गावी येतात. माझी पाळी ३० दिवसांनी वेळच्या वेळी येते. गणपतीत अडचण नको म्हणून सासूबाई पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून देतात, गेली दोन वर्षं मी घेतल्या. आता त्या म्हणतात, चिपळूणला जाऊन पिशवी तपासून घे. शेजारची काकू म्हणते, देवाला कौल लावा. मला दोन्हीची भीती वाटते.

घाबरू नको गो. आधी एक कागद घे.

लग्न झाल्यापासून मिस्टर किती रात्री घरी होते, ते त्यावर लिही. तुझ्या पत्रावरून मी अंदाजाने मांडून बघितलं. गणपतीचे ८ दिवस, शिमग्याचे ५, मे महिन्यातले १०, आणि मधे कुणाचं लग्नकार्य निघालं तर ४. वर्षाला २५ ते ३० रात्री. त्यातही गणपतीत माजघरात नणंदा, पडवीत भाचे, आणि तुम्ही दोघं वळईजवळ सतरंजीवर. लग्नाला ३ वर्षं झाली हे खरं, पण रात्री मोजल्या तर तुमचा संसार जेमतेम ३ महिन्यांचा आहे.

आता तारखांकडे बघ. बाईचं बीज पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी बाहेर पडतं. तुझी पाळी ३० दिवसांची, म्हणजे पाळी आली तो पहिला दिवस धरून सोळाव्या दिवसाच्या आसपास. ते बीज टिकतं जेमतेम एक दिवस. पुरुषाचे शुक्रजंतू मात्र बाईच्या शरीरात ५ दिवसांपर्यंत तग धरू शकतात. म्हणून तुझ्या हिशेबात अकराव्यापासून सोळाव्यापर्यंतचे दिवस कामाचे. बाकीच्या दिवसांत एकत्र या, हौसेने या, पण मुलाच्या हिशेबात ते धरू नका.

गोळ्यांचा भाग वाचून मी कपाळाला हात लावला. गणपतीत पाळी येणार होती म्हणून गोळ्या घेतल्यास ना? म्हणजे गणपती पाटावर बसले तेव्हा तुझा महिना संपत आला होता. कामाचे दिवस दोन आठवडे आधीच होऊन गेले होते, आणि तेव्हा मिस्टर डोंबिवलीच्या फलाटावर लोकलची वाट बघत उभे होते. ज्या दोन गणपतींवर घरादाराने आशा ठेवली, ते दोन्ही पाळण्याच्या दृष्टीने मुळातच कोरडे होते. शिवाय गोळ्या थांबवल्यावर पाळी लांबते, पुढच्या महिन्याच्या तारखा सरकतात आणि मोजणाऱ्याचा हिशेब चुकतो. दिवस राहिले असण्याची शक्यता असेल तेव्हा तर त्या घ्यायच्याच नसतात. यंदा घेऊ नको. सासूबाईंना सांग, नर्सबाईंनी मना केलंय. दुर्वा निवडायला घरात दुसरं कुणी मिळेल.

एक जुनी गोष्ट सांगते. माझी पहिली नेमणूक १९८२ च्या जूनमधली. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला होता. हळूहळू गडी गावी परतले. पगार बंद, घरात खायची ओढाताण, दिवस वाईटच. पण माझ्या रजिस्टरात वर्ष-दीड वर्षात एका वाडीतल्या तीन बायकांची पहिलटकरीण म्हणून नोंद झाली. तिघींच्या लग्नाला सहा-सात वर्षं झालेली आणि तिघींना गावाने नको तो शब्द चिकटवलेला. त्यांच्यावर ना औषध झालं होतं, ना नवस. नवरे घरी होते, एवढंच.

आणि तरी मी त्यातून शहाणी झाले नाही. पुढे काही वर्षांनी एका बाईला मी दोनदा क्युरेटिंगला, म्हणजे पिशवी आतून खरवडून घ्यायला, पाठवलं. तिचा नवरा ट्रॉलरवर खलाशी. तो घरी कधी असतो, एवढा एक प्रश्न मी तिला विचारला नाही. माझ्या सल्ल्याने तिने दोनदा दुखणं सोसलं. तिची आठवण आली की अजून लाज वाटते.

तेव्हा आता असं करा. मिस्टरांना सांग, सणाला नको, तारखेला ये. पाळी आली की फोन करायचा, त्यांनी अकराव्या दिवसाच्या सुमारास रजा टाकायची आणि दिव्याहून सावंतवाडीच्या गाडीने चिपळूण गाठायचं. तीन-चार दिवस राहायचं, एक दिवसाआड संबंध ठेवला तरी पुरे. दर महिन्याला जमणार नाही, मला ठाऊक आहे. कंपनी रजा देत नाही आणि भाड्याला पैसे लागतात. मग एखाद्या महिन्यात तू जा, पण चौघांच्या खोलीत नको. कुणा नातेवाइकाची रिकामी खोली चार दिवस माग. त्यात लाजण्यासारखं काही नाही. अंगावरून अंड्यातल्या पांढऱ्यासारखं चिकट, तार धरणारं पाणी जाऊ लागलं की दिवस जवळ आले असं समज. मेडिकलमध्ये लघवी तपासायच्या पट्ट्याही मिळतात. रेघ गडद झाली की साधारण दीड दिवसात बीज सुटतं.

तपासणीचं म्हणशील, तर एकत्र राहणाऱ्या जोडप्यांपैकी शंभरातल्या ८० ते ८५ जणींना वर्षभरात दिवस जातात. म्हणून वर्षभर प्रयत्न करूनही दिवस न राहिल्यास डॉक्टर, आणि बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर ६ महिन्यांतच. पाळी अनियमित असती किंवा पोटात फार दुखत असतं, तर तुलाही आत्ताच जा म्हटलं असतं. पण तुमचं वर्ष कॅलेंडरवर मोजू नका, कामाचे दिवस गाठले त्या महिन्यांवर मोजा. आणि चिपळूणला जाल तेव्हा पहिली तपासणी मिस्टरांची. वीर्याची. मूल न होणाऱ्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचंही काही ना काही कारण निघतं. ही तपासणी दुखत नाही आणि तुझ्या तपासण्यांच्या मानाने स्वस्तही असते. आधी २ ते ७ दिवस संबंध नको, आणि नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचायला हवा. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणून गुटखा आज सोडला तर गुण गौरीगणपती उलटून गेल्यावर दिसेल. तू मशेरी लावत असशील तर तीही बंद. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मात्र दिवस राहायच्या आधीपासून रोज एक घ्यायची असते, ती आजपासून सुरू कर.

कौलाचं मी काय सांगू? लावायचा तर लावा. गाऱ्हाणं घालताना गुरवाला सांगा, चाकरमान्याची रजाही मागून घे बाबा. आणि सासूबाईंना एकदा निवांत विचार, त्यांचं लग्न झालं तेव्हा मामंजी कुठे होते आणि पहिलं मूल कितव्या वर्षी झालं. उत्तर ऐकून त्या स्वतःच गप्प बसतील असं मला वाटतं.

बाई, आम्ही हर्णै बंदराजवळचे. बाळ दीड महिन्याचं आहे. संध्याकाळी दोन-तीन तास रडतं. सासूबाई म्हणतात दूध पुरत नाही, म्हणून मला रोज मुशीचं तिखलं करून घालतात, बाळाला मध लावून गुटी चाटवतात आणि खोलीत शेगडी ठेवून धुरी देतात. नवरा दर्यावर असतो, त्यामुळे घरात माझ्या बाजूने बोलायला कुणी नाही.

दूध पुरतं की नाही, हे रडण्यावरून ठरवायचं नसतं. दिवसाला ६ किंवा जास्त दुपटी ओली होतात का? आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅम वजन वाढतं का? आशाताईंना काटा घेऊन बोलाव. दोन्हीचं उत्तर हो असेल तर दूध पुरतंय. या वयात संध्याकाळचं रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यांत जास्त असतं, मग तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत उतरतं. खांद्यावर घेऊन पडवीत फिरव.

मध वर्षाच्या आत थेंबभरही नको. त्यातून होणारी एक विषबाधा तान्ह्या बाळाला लुळं पाडते, श्वास अडकवते. गुटी नको, पाणीही नको. ६ महिने फक्त अंगावरचं. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर आजच बाहेर काढ. तो धूर आणि त्यातला दिसत नाही असा वायू बाळंतीण आणि बाळ दोघांना घातक. शेकायचंच तर गरम पाण्याची पिशवी घे.

मुशीबद्दल सासूबाई माझ्यावर रागावतील. मुशीने दूध वाढतं हे किनाऱ्यावर मी जन्मभर ऐकत आले. पण मुशी दुसरे मासे खाऊन मोठी होते, म्हणून तिच्या अंगात पारा साठतो, आणि गरोदर बाईने नि अंगावर पाजणारीने ती टाळावी असं डॉक्टर सांगतात. बंदरावर संध्याकाळी लिलाव होतो तिथून बांगडा, तारली, मांदेली आण. खुशाल खा. दूध येतं ते बाळाने ओढल्याने. जितकं पाजशील तितकं येईल.

सासूबाईंशी भांडू नको, त्यांना काम दे. बाळाला तेल लावणं, त्याला खांद्यावर फिरवणं, तुला पेज करून देणं. रिकाम्या हातांनाच गुटी सुचते. आणि नवरा बंदराला लागला की त्याच्याकडून एक वाक्य त्यांच्यासमोर वदवून घे, 'मध नको, आये.' आमच्या बाजूला सुनेची दहा वाक्यं एकीकडे आणि मुलाचं एक दुसरीकडे.

देवगडहून एका आजींनी विचारलंय, सात महिन्यांच्या नातवाला हापूस चालेल का. चालेल हो. देठ काढून चीक पूर्ण जाऊ द्या, धुवा, गर चमच्याने भरवा. साखर नको, दूध घालून आमरस नको. सात महिन्यांच्या पोटाला दोन-तीन चमचे पुष्कळ.

नर्सबाई, मी जयगडजवळच्या गावातला, बोटीवर असतो. आठ महिन्यांनी घरी आलो. मुलगी अडीच वर्षांची. व्हिडिओ कॉलवर रोज 'बाबा' म्हणून पापी द्यायची. आता मी जवळ गेलो की किंचाळते, आईच्या पदरात लपते. रात्री मी खाटेवर झोपलो तर 'तू जा' म्हणते. एवढी खेळणी आणली, तीही घेत नाही. आजीने लाडावून ठेवलीय असं मला वाटतं.

आजीला बोल लावू नको रे. आठ महिने तिनेच सांभाळलीय.

तुझी मुलगी तुला ओळखते. पण ती ओळखते तो बाबा तळहाताएवढा आहे, त्याला वास नाही, आणि बटण दाबलं की तो जातो. हा आलेला माणूस दाराएवढा उंच, दाढीचा, अंगाला परदेशी साबणाचा वास, आणि येताक्षणी आईशेजारची तिची जागा घेऊन बसलेला. तू तिच्या जागी असतास तर काय केलं असतंस?

खाटेवरची जागा तिला परत दे. पहिले आठ-पंधरा दिवस तू वेगळा झोप. बायको समजून घेईल. नसेल घेत तर माझं नाव सांग. खेळणी माळ्यावर ठेव, एकेक काढ. तिच्यामागे जाऊ नको, तिला दिसेल असा बस. खळ्यात बसून काहीतरी कर, जाळं विण, नारळ सोल, सायकलची चेन लाव. मुलं काम करणाऱ्या हातांकडे आपसूक येतात. आणि रोजचं एक काम कायमचं तुझं करून घे. संध्याकाळची आंघोळ म्हण, कोंबड्यांना दाणे टाकणं म्हण, काहीही. पण रोज, त्याच वेळेला.

माझ्या घरची गोष्ट. माझे यजमान नोकरीला मुंबईत. आमची थोरली चार वर्षांची होईपर्यंत ते आले की आत येऊन मला सांगायची, 'आई, पाहुणे आलेत, चहा टाक.' ते हसायचे, पण एकदा मागच्या दारी जाऊन डोळे पुसताना मी त्यांना बघितलंय. मग एका मे महिन्यात त्यांनी तिच्या वेण्या घालायला घेतल्या. पहिल्या दिवशी तिने अर्धी वेणी सोडून पळ काढला. दुसऱ्या दिवशीही. आठवड्याने वेणी पुरी झाली, वाकडी, रिबीन एका कानावर. तशीच ती वाडीभर मिरवली.

दुसरं, जातानाचं. आपल्याकडे मूल झोपलेलं असताना पहाटे गुपचूप निघायची पद्धत आहे. रडणं बघवत नाही म्हणून. तसं करू नको. मूल उठतं, बघतं तर माणूस नाही, मग पुढच्या खेपेला ते तुला जवळ येऊ देत नाही आणि रात्री चार वेळा उठून आईला चाचपतं. यंदा तिने किंकाळी फोडली त्यात मागच्या खेपेची पहाटही असेल. आठवडाभर आधीपासून तिला सांगत जा, बाबा बोटीवर जाणार. आठ महिने तिला कळणार नाहीत. गणपती येतील, शिमगा येईल, मग बाबा, असं सांग. तुझा एक वापरलेला शर्ट न धुता घरात ठेव. आणि निघशील त्या दिवशी तिला कडेवर घेऊन एसटीच्या थांब्यापर्यंत ने. गाडीत बसल्यावर खिडकीतून हात हलव. रडेल. रडू दे.