ब्राकेत्तो वाइनला गुलाबाचा वास येतो आणि ती गोडही लागते, तर तिच्यात इसेन्स आणि साखर घालतात का?

नाही, वास आणि गोडी दोन्ही द्राक्षाचीच. ब्राकेत्तो हे इटलीतल्या पिएमाँते भागातलं काळं द्राक्ष. गुलाबात असतं तेच जिरॅनिऑल हे सुगंधी द्रव्य यातही असतं, म्हणून ग्लास नाकाशी नेला की आधी गुलाब येतो, मागोमाग पिकलेली स्ट्रॉबेरी. आक्वी तेर्मे गावाच्या परिसरात रस आंबत असतानाच थंड करून गाळतात. यीस्टचं काम अर्ध्यात थांबतं, द्राक्षाची साखर उरते आणि अल्कोहोल साधारण 5 ते 7 टक्केच भरतं. 1996 पासून ‘ब्राकेत्तो द’आक्वी’ला डीओसीजी हा इटलीतला सर्वोच्च दर्जा आहे. मात्र याच द्राक्षाची ड्राय रोझे, म्हणजे गोड नसलेली गुलाबी वाइनही मिळते, तेव्हा लेबल नीट वाचून घ्या. आणि थंडगारच प्या, कोमट झाली की नुसती गोड लागते.